मुलगा मला ‘पुअर डॅड’ म्हणतो

ताई, मी लालबागला चाळीत राहतो. वय ६६. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. मीही बदली कामगार म्हणून लागलो आणि संपात घरी बसलो. नंतर छापखान्यात नोकरी करून निवृत्त झालो. शिक्षण नववी, पण वाचनाचं वेड आहे. कपाटात अण्णाभाऊ आहेत, नारायण सुर्वे आहेत आणि त्या वेळी रुपया-दोन रुपयाला मिळणारी रशियन पुस्तकांची मराठी भाषांतरंही आहेत. मुलगा २८ वर्षांचा, खासगी बँकेत आहे. तोही वाचतो याचा मला अभिमान होता. पण गेली दोन वर्षं तो फक्त ‘रिच डॅड पुअर डॅड’, श्रीमंत कसं व्हावं, पहाटे पाचला का उठावं, असली पुस्तकं वाचतो. चाळीतले लहानपणचे मित्र ‘निगेटिव्ह’ म्हणून तोडले. पाहुण्यांसमोर मला हसत हसत ‘हे आमचे पुअर डॅड’ म्हणाला, ते मी गिळलं. पण परवा टीव्हीवर गिरणी कामगारांच्या घरांची बातमी लागली तेव्हा म्हणाला, “या लोकांनी तेव्हाच माइंडसेट बदलला असता तर आज मोर्चे काढायची वेळ आली नसती.” तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय. नवी खोली विकू, घर म्हणजे काही अ‍ॅसेट नव्हे, डोंबिवलीला भाड्याने राहू आणि पैसे शेअरमध्ये घालू, असा त्याचा हट्ट आहे. पुस्तकांनी माणूस शहाणा होतो असं मी आयुष्यभर मानत आलो. मग माझ्या मुलाचं हे काय झालं? त्याची ही पुस्तकं बंद कशी करू?
— एक वाचक, लालबाग

नमस्कार काका,

पुस्तकं बंद होणार नाहीत. २८ वर्षांच्या कमावत्या मुलाच्या हातातून पुस्तक काढून घेता येत नाही, आणि आता तर ती लोकलमध्ये कानात वाजतात. ते सोडून द्या.

ज्या वाक्यामुळे तुम्ही अबोला धरलात ते आधी घेते. ते वाक्य चूक आहे. तुमच्या भावना दुखावल्या म्हणून नव्हे, माहिती म्हणूनच चूक आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्या पगाराच्या होत्या, बोनसच्या होत्या, तुमच्यासारख्या बदलींना कायम करण्याच्या होत्या, आणि एकाच युनियनला मान्यता देणारा १९४६ चा कायदा जावा ही होती. त्याच्या आधीपासूनच कापड भिवंडीच्या पॉवरलूमवर विणलं जाऊ लागलं होतं आणि बऱ्याच मालकांनी नव्या यंत्रांत पैसा घालायचं थांबवलं होतं. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला: गिरणीची जमीन विकासाला काढायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्या नियमाची भाषा बदलली. वाटणी सगळ्या जमिनीची करायची नाही, आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याचीच करायची, असं झालं. गिरण्यांच्या आवारात शेड, गोदामं आणि चिमण्याच जास्त, मोकळी जागा थोडी. त्यामुळे घरांचा आणि मैदानांचा वाटा एकदम आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. पुढे २०१२ मध्ये कामगारांसाठी पहिली सोडत निघाली तेव्हा घरं होती ६,९२५. साचेखात्यातल्या माणसाने पहाटे पाचला उठून कोणता विचार केला असता म्हणजे नियम ५८ बदलला नसता, ते मलाही कळत नाही. (तसे पहिल्या पाळीचे लोक पाचच्या आधीच उठत. भोंगा उठवायचा.)

हे सगळं त्याला सांगाच, पण आज नको. आज सांगितलंत तर ते भाषण होईल. तुमच्या पिढीची भाषणं ऐकतच तो मोठा झालाय.

इथे थोडं कडू बोलते. तुमच्या मुलाने लहानपणापासून घरात एक गोष्ट ऐकली: अडीच लाख माणसं एकत्र आली, आणि हरली. तुम्ही ती अभिमानाने सांगितली असेल, त्याने तिचा शेवट ऐकला. एकत्र येऊन काही हाती लागत नाही, आपलं आपण पाहावं, हा धडा त्याने कुठल्या पुस्तकातून घ्यायच्या आधी तुमच्या खोलीतच घेतला असणार. पुस्तकांनी त्या धड्याला शब्द दिले आणि वर एक आशाही दिली. बँकेत महिन्याचं टार्गेट, पेन्शन नाही, युनियन नाही, मुंबईत घराचा भाव पगाराच्या आवाक्यात नाही. अशा मुलाला रात्री कोणीतरी सांगतं, “सगळं तुझ्या हातात आहे.” हे ऐकायला किती बरं वाटत असेल! तो गर्विष्ठ झालाय असं तुम्हाला दिसतं. मला पत्रात तो घाबरलेला दिसतो.

आणि भविष्य सांगणारी पुस्तकं तुमच्याही कपाटात आहेतच की. तुमची ती जाड कागदाची मॉस्कोची भाषांतरं ज्या पक्षाच्या राज्यात छापली जायची, त्या पक्षाने १९६१ च्या कार्यक्रमात लिहून टाकलं होतं की १९८० पर्यंत साम्यवादी समाजाची मुख्य उभारणी पूर्ण होईल आणि आत्ताची पिढी त्यात जगेल. १९९१ संपता संपता तो देशच उरला नाही. त्या पुस्तकांनी सांगितलेलं भविष्य आलं नाही, पण त्यांनी तुमच्या नजरेला लावलेलं वळण राहिलं: स्वतःच्या पगाराच्या चिठ्ठीकडे बघताना शेजारच्याचीही चिठ्ठी बघायची. मुलाची पुस्तकं नजर दुसरीकडे वळवतात. माझं खातं, माझी सवय, माझी सकाळ. पुस्तक माणसाला मत द्यायच्या आधी प्रश्न देतं, आणि तो प्रश्न पुस्तकाचा आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ‘माझ्याकडे पैसे का नाहीत?’ असं विचारलं की उत्तरं माझ्यातच सापडतात. ‘आमच्या गल्लीत कोणाकडेच पैसे का नाहीत?’ असं विचारलं की उत्तरं गल्लीबाहेर सापडायला लागतात. दोन्ही प्रश्न खरे आहेत. तुम्ही पहिला कधी विचारला नाहीत, तो दुसरा विचारत नाही.

गंमत अशी की ‘स्वतःला स्वतः वर काढा’ सांगणाऱ्या पुस्तकांचा पूर्वज तुमच्याच लोकांत जन्मला. सॅम्युअल स्माइल्सचं ‘सेल्फ हेल्प’ १८५९ मध्ये आलं. त्याचं मूळ लीड्समधल्या काही तरुण कामगारांत आहे. हे दोघे-तिघे हिवाळ्यातल्या संध्याकाळी जमून एकमेकांना लिहा-वाचायला, हिशेब करायला शिकवत. संख्या वाढली तेव्हा त्यांनी एक कळकट जागा भाड्याने घेतली. पूर्वी तिथे कॉलराचं तात्पुरतं इस्पितळ होतं, म्हणून दुसरं कोणी ती घेत नव्हतं. स्माइल्स त्यांच्यापुढे बोलायला गेला आणि त्या व्याख्यानांचं पुढे पुस्तक झालं. म्हणजे ‘स्व-मदत’ शिकली ती वर्गणी काढून, शंभरेक जणांनी मिळून. आपल्या गिरणगावातल्या रात्रशाळा, चाळीचं वाचनालय, व्यायामशाळा यांच्याहून हे वेगळं काय होतं? आणि मुलगा ज्या रविवारी ही पुस्तकं वाचत बसतो, त्या रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरण्यांत १८९० मध्ये मिळाली. ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी आणि १८८४ मध्ये त्यांनी उभ्या केलेल्या मिल हँड्स असोसिएशनने मागून मागून मिळवली. एकट्या माणसाच्या प्रगतीला आठवड्यातला जो दिवस लागतो, तो एकट्याने मिळवलेला नव्हता. माझ्या मते त्याच्या पुस्तकांतून हेच पान गळालंय.

आता तुम्ही काय करायचं? बापलेकांत पुस्तकावरून भांडण झालं की मला लोअर परळच्या चाळीतले दुसरे एक बापलेक आठवतात. शाळकरी भीमरावाच्या कौतुकाच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. मुलगा ते वाचून भारावला आणि घरी येऊन वडिलांना विचारू लागला: तुम्ही आम्हाला हे का वाचायला दिलं नाहीत? ज्यांत आपल्या लोकांची अवहेलना आहे ती महाभारत-रामायणंच का वाचायला लावता? बाबासाहेबांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत हा प्रसंग स्वतः सांगितलाय. रामजी सुभेदारांना तो प्रश्न आवडला नाही. मूर्खासारखं विचारू नकोस, मुलं आहात, सांगितलं ते करा, असं म्हणून त्यांनी विषय बंद केला. घराघरांतले बाप जे करतात तेच. पण काही दिवसांनी मुलाने पुन्हा विचारलं, आणि तोपर्यंत वडील उत्तर तयार करून बसले होते. आपल्याला लोक खालचं समजतात, त्याने तुमच्या मनात न्यूनगंड येऊ शकतो. द्रोण, कर्ण किती लहान स्थितीतून कुठे पोचले बघा, वाल्मीकी कोळी होते तरी रामायण लिहून गेले, म्हणून हे वाचा. मुलाला त्या म्हणण्यात तथ्य वाटलं, समाधान मात्र झालं नाही, आणि तसं त्याने वडिलांना तोंडावर सांगितलं. पुढे १९५६ मध्ये त्या बुद्धचरित्राचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते मधले काही दिवस. निवृत्त सुभेदार, एका खोलीतला संसार, आणि माणूस मुलाच्या प्रश्नाला उत्तर जुळवत होता. हेच सुभेदार मुलाला अभ्यासाला पहाटे दोनला उठवत, असं चरित्रकार सांगतात. म्हणजे लवकर उठण्याचा शोध परवाच्या पुस्तकाने लावलेला नाही, एवढं मुलाला जाता जाता सांगायला हरकत नाही.

तर पहिलं काम: त्याचं पुस्तक मागून घ्या आणि वाचा. ‘रिच डॅड पुअर डॅड’पासूनच सुरुवात करा, मराठीत मिळतं. हातात पेन्सिल घ्या. छापखान्यात इतकी वर्षं काढलीत, खुणा करायला तुम्हाला शिकवावं लागणार नाही. एक गोष्ट लगेच सापडेल. १९९७ च्या त्या पुस्तकातला ‘पुअर डॅड’ अडाणी किंवा आळशी नाही. तो हवाईमधला उच्चशिक्षित शिक्षणाधिकारी आहे, लेखकाचा सख्खा बाप. आणि लेखक स्वतः म्हणतो की दोन बापांची दोन मतं ऐकायला मिळाली म्हणून मला तुलना करून विचार करायची सवय लागली. तुमच्या मुलाला लेखकाने सांगितलेला हाच फायदा मिळेनासा झालाय. तुम्ही गप्प बसलात तर त्याच्यापाशी एकच बाप उरतो, पुस्तकातला.

वाचताना एवढंच शोधा की लेखक कोणत्या अटीवर बोलतोय. पैसे वाढण्याचे तक्ते घ्या, असल्या पुस्तकांत ते असतातच. एक लाख रुपये वर्षाला १२ टक्क्यांनी वाढले तर ३० वर्षांनी सुमारे ३० लाख होतात. गणित बरोबर आहे. पण महागाई त्याच काळात वर्षाला ६ टक्के धरली तर त्या ३० लाखांत आजच्या सव्वापाच लाखांचाच माल येईल. आणि सलग ३० वर्षं १२ टक्के, मध्ये आजारपण नाही, नोकरी गेली नाही, पैसे मोडावे लागले नाहीत, या अटी तक्त्याच्या खाली छापलेल्या नसतात. मुलगा बँकेत आहे, त्याला हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण त्याला ते घरात कोणी विचारलेलं नाही.

हेच चक्रवाढीचं गणित घेऊन १९७२ मध्ये एमआयटीतल्या एका गटाने अगदी उलट दिशेचं पुस्तक लिहिलं, ‘द लिमिट्स टू ग्रोथ’. पैसा जसा वाढतो तसा वापरही वाढतो, लोकसंख्या वाढते, धूर वाढतो; पृथ्वी मात्र तेवढीच. त्यांनी संगणकावर बारा चित्रं काढली: असं केलं तर असं होईल, तसं केलं तर तसं. बऱ्याच वाचकांनी मात्र बारांतलं एक उचललं आणि जगबुडीचं भाकीत म्हणून डोक्यात ठेवलं. त्याआधी चार वर्षं, १९६८ मध्ये, पॉल अर्लिक या जीवशास्त्रज्ञाने ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’मध्ये मात्र अट न घालताच लिहिलं होतं की सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसं उपासमारीने मरणार. तसं झालं नाही. हरितक्रांतीने आपल्या गव्हाचंच चित्र पालटलं. पुढे पाच धातूंच्या भावांवर लावलेली दहा वर्षांची पैजही तो १९९० मध्ये हरला. तुमच्या मुलाला भविष्याची ओढ आहे ना? मग ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून बोला. कोण ‘असं केलं तर’ म्हणतो आणि कोण ‘होणारच’ म्हणतो, हे ओळखायला तो चटकन शिकेल. मग तीच नजर तो स्वतःच्या कपाटाकडे वळवतो की नाही ते बघा. तुम्हीही ती तुमच्या कपाटाकडे वळवा.

खोलीचं बोलू. इथे मुलगा अर्धा बरोबर आहे, हे तुम्हाला आवडणार नाही. ‘रिच डॅड’चा सिद्धांत असा की जे खिशात पैसे आणतं ती मालमत्ता, जे खिशातून नेतं ते ओझं. म्हणून राहतं घर हे ओझं. हा विचार कर्ज काढून मोठं घर घेणाऱ्या अमेरिकन कुटुंबाला धरून आहे. तुम्ही पागडीचे भाडेकरू. चाळ उपकरप्राप्त (म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत) असेल आणि अशा इमारतींच्या पुनर्विकासाच्या ३३(७) या नियमाखाली जात असेल तर तुम्हाला किमान ३०० चौरस फूट कार्पेटचं घर मालकीने, बांधकामाचा खर्च न देता मिळायला हवं. कर्ज नाही, हप्ता नाही. त्यामुळे पुस्तकाची अट इथे लागूच होत नाही. पण टॉवरचा मेंटेनन्स लागू होतो. लिफ्ट, पंप, वॉचमन, हे सगळं आत्ताच्या भाड्याच्या कितीतरी पट असेल आणि तो दर महिन्याला तुमच्याच खिशातून जाईल. लालबाग-परळात कितीतरी जुन्या भाडेकरूंनी टॉवरमधली घरं या एका कारणाने विकली. तेव्हा बिल्डर कॉर्पस फंड, म्हणजे मेंटेनन्ससाठी एकरकमी ठेव, किती देतोय, त्याच्या व्याजात मेंटेनन्सचा किती भाग निघेल, हा हिशेब मुलाकडूनच करून घ्या. हे त्याचंच काम आहे, आणि त्यात त्याला मान आहे.

विकण्याचा निर्णय आत्ता घ्यायचाच नाही. पर्यायी जागेचा करार तुमच्या नावाने रजिस्टर होऊ दे, ट्रान्झिटचं, म्हणजे बांधकाम होईपर्यंत बाहेर राहण्याचं भाडं वेळेवर येतंय का बघा, ओसी (इमारतीत राहायला परवानगीचा दाखला) मिळून चावी हातात येऊ दे. या शहरात अर्ध्यावर अडकलेल्या इमारती कमी नाहीत. तोपर्यंत विकू की नको यावर भांडणं म्हणजे न जन्मलेल्या बाळाचं बारसं. भाडेपावती तुमच्या नावावर असेल तर शेवटचा शब्द तुमचा, हे त्याला शांतपणे माहीत असू द्या. आणि काही झालं तरी सगळी रक्कम शेअरमध्ये नाही. ६६ व्या वर्षी पडलेला बाजार वर यायची वाट बघायला तुमच्याकडे त्याच्याइतकी वर्षं नाहीत. हे त्याच्या पुस्तकांतही लिहिलेलं असतं, वय बघून.

त्याला तुमच्या कपाटातलं एकच पुस्तक द्या. रशियन नको. सुर्व्यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा कवितासंग्रह द्या. रस्त्यावर सापडलेलं पोर, एका गिरणी कामगाराने वाढवलेलं. गिरणीत राबलं, शाळेत शिपाई झालं, मग शिक्षक झालं, आणि मराठी कविता बदलून गेलं. स्वतःच्या पायावर उभं राहिल्याची याहून मोठी गोष्ट त्याच्या कुठल्याही पुस्तकात नसेल. पण सुर्वे ती ‘मी कसा यशस्वी झालो’ अशी सांगत नाहीत. का सांगत नाहीत, ते त्याचं त्याला वाचू द्या. नाही वाचलं तर महिन्याने विचारू नका. मित्रांचंही तेच. तोडलेले मित्र बापाने जोडून येत नाहीत, गणपतीच्या मंडपात ओढून नेऊ नका.

राहिली पाहुण्यांसमोरची थट्टा. त्यासाठी दाखले शोधू नका, संप काढू नका, नियम ५८ तर मुळीच नको. तो बँकेतून दमून आल्या आल्याही नको. जेवण झाल्यावर, दोघंच असताना सांगा: “तू तेव्हा जे बोललास ते मला लागलं.” मग तुम्ही गप्प बसा आणि त्याला बोलू द्या. तो आधी हसेल, मग ‘पुस्तकातलं होतं हो’ म्हणेल. म्हणू दे. तुम्ही ते पुस्तक मागायला तीच वेळ बरी.